सातव्या गाण्याची साक्ष

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर ओरखडे फारसे नाहीत, पण एक सल मात्र आहे. ज्याने मला घडवलं त्याच्याच विरुद्ध मला भर कोर्टात बोलायला लावलं. मला कुणी विचारलं असतं तर मी तोंड मिटून बसले असते. पण आम्हा सीड्यांना ती सोय नाही. यंत्रात घातलं, बटण दाबलं, की पोटात असेल नसेल ते सगळं बाहेर पडतं.

माझा जन्म मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात झाला, तोही गाड्या धुण्याच्या दुकानामागच्या एका खोलीत. दुकान ओडेल गेन्स यांचं. ते चर्चमधले मानकरी, रविवारी ऑर्गन वाजवायचे, म्हणून लहानथोर त्यांना डीकन म्हणत. पुढे गाड्यांवर पाण्याचे फवारे आणि मागे, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेल्या खोलीत गाणी, असा त्यांचा संसार. माझ्या तिसऱ्या गाण्यात नीट कान दिलात तर पाण्याचा फवारा ऐकू येतो. ऐकणाऱ्यांना ती मुद्दाम केलेली करामत वाटते. करामत कसली, तेव्हा पुढे कुणाचातरी ट्रक धुणं चालू होतं.

मला घडवणारा जार्व्हारिस टॉलिव्हर. अख्खी वस्ती त्याला टॉली म्हणायची. बाविशीचा सडपातळ पोरगा, चारचौघांत बोलताना अडखळायचा, पण माइकसमोर उभा राहिला की जीभ अशी पळायची की तालालाच धाप लागावी. त्याचा पहिला अल्बम गाडीच्या डिकीतून खपला होता. जॅक्सनहून तो अल्बम मेम्फिसला पोचला, तिथून थेट अटलांटाला, आणि तिथल्या एका मोठ्या कंपनीने टॉलीला बोलावून घेतलं. मी त्याची दुसरी. मित्रांनो, दुसऱ्या लेकराचं दुःख दुसऱ्यालाच कळतं. पहिल्याचं कौतुक ऐकत ऐकत मोठं व्हायचं, आणि जरा अडखळलं की लोक म्हणणार, पहिलं बरं होतं हो!

कंपनीने निरोप धाडला होता, "पहिल्यासारखंच पाहिजे, पण पहिलं नको."

डीकन म्हणाले, "म्हणजे मासा पाहिजे, पण ओला नको. कर बाबा आता."

टॉलीने बारा गाणी केली. तेरावं, म्हणजे माझ्यातलं सातवं, त्याला करायचंच नव्हतं. ते त्याच्या गळ्यात पडलं. ती हकीकत माझ्या जन्माआधीची, पण आपण ज्यातून घडलो ते आपल्याला ठाऊक असतंच.

टॉलीच्या घरासमोर मिस व्हर्लीन बॅटल राहायच्या. टॉलीची आई इस्पितळात पाळ्या करायची, तेव्हा त्याला जेवू घालणाऱ्या, कान उपटणाऱ्या त्याच. वय साठीच्या पुढे, चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत जागा, आणि पोटासाठी कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात कोंबडी न् मासे तळायचं काम. दुकान म्हाताऱ्या यान्सीबाबांचं होतं. त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी कुणीतरी दुकानात शिरलं आणि यान्सीबाबांना गोळी घालून गेलं. मिस व्हर्लीननी पोलिसांना सांगितलं की मासे संपले म्हणून आपण लवकर घरी गेलो होतो. पोलिसांनीही पुढे काही विचारलं नाही.

मग एके दिवशी त्या टॉलीला घेऊन ओसरीवर शेंगा सोलायला बसल्या.

"हात चालव, टॉली. तोंड मागाहून चालव."

"मी काही बोललोच नाही, मॅम."

"तू नाहीस. मला बोलायचंय." त्यांनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली. "मी घरी गेले नव्हते त्या दिवशी. पिठाच्या पोत्यांमागे बसले होते. सगळं पाहिलं मी."

टॉलीच्या हातातले दाणे भांड्याबाहेर सांडले.

"त्याने गोळी घातली, आणि मग काय केलं ठाऊक आहे? वाकून यान्सीचा चष्मा उचलला. घडी घातली आणि छातीवर ठेवला. झोपलेल्या माणसाचा आपण ठेवतो ना, तसा. तो चष्मा मला डोळा लागू देत नाही रे."

"कोण होता?"

"ते विचारू नकोस. रोज सकाळी मला हात करतो. एवढं पुरे."

"मग पोलिसांना..."

"पोलीस संध्याकाळी आपापल्या घरी जातात, बाळा. मला ह्याच गल्लीत निजायचंय. हे पोटात ठेव. शब्द दे."

"दिला, मिस व्हर्लीन. माझ्या तोंडून तुमचं नाव यायचं नाही."

शब्द देणं सोपं होतं. पण तो चष्मा आता टॉलीलाही झोपू देईना. खाताना तोच, गाडी चालवताना तोच. आणि गाणाऱ्याच्या पोटात एखादी गोष्ट फार दिवस राहिली की ती ताल धरते.

आता त्यांच्यातली एक रीत सांगते. तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. तिथला गाणारा गल्लीतल्या कुणाचीही गोष्ट घेतो आणि 'मी' म्हणून सांगतो. शेजाऱ्याची नोकरी गेली तर गाण्यात त्याची स्वतःची जाते. कुणाचा भाऊ तुरुंगात गेला तर गाणारा स्वतः गजांआड जाऊन बसतो. 'तो' म्हणून सांगणं म्हणजे बोट दाखवणं, आणि बोट दाखवणाऱ्याला तिथे कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. ऐकणाऱ्यांना सगळं समजतं, कुणी त्या गाणाऱ्याला खुनी किंवा चोर मानत नाही. टॉलीने सातवं गाणं त्याच रीतीने लिहिलं, मारेकऱ्याच्या तोंडून. त्याच्या मनात आणखीही एक हिशेब होता. मीच 'मी' म्हटलं, तर पाहणारं दुसरं कुणी होतं का, हे शोधायला कोण जाणार?

त्या ओळी अशा होत्या:

'चष्मा पडला, काच शाबूत, मीच उचलला वाकून,
घडी घालून छातीवर त्याच्या, निघालो तोंड झाकून.'

डीकननी यंत्र थांबवलं. "हे चष्म्याचं कुठून आणलंस?"

"सुचलं."

"मागच्या आठवड्यात तुला साधं यमक सुचत नव्हतं. आज एकदम चष्मा सुचला?"

"चांगलं आहे का नाही ते सांगा ना."

"चांगलं आहे," डीकन म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."

टॉलीने मान खाली घातली आणि बुटाच्या टोकाने जमीन उकरत राहिला. डीकननी सुस्कारा टाकला आणि यंत्र पुन्हा चालू केलं. मला अजून वाटतं, त्यांनी ते तेव्हा बंदच ठेवायला हवं होतं.

अशी मी जन्मले. डीकननी काळ्या शाईच्या पेनाने माझ्या पाठीवर 'टॉली – दोन' असं लिहिलं. मी सगळ्यांत पहिली प्रत, परीक्षेची. तिथे सीडी खोलीत पास होत नाही, गाडीत व्हावी लागते. टॉलीकडे चौकोनी नाकाची जुनी शेव्हरोले होती आणि तिच्या डिकीत भांडी ठेवावीत तसे स्पीकर ठासलेले. ढोल असा वाजला पाहिजे की मागची नंबरप्लेट खडखडली पाहिजे. प्लेट गप्प राहिली तर गाणं नापास. चर्च सुटल्यावर रविवारच्या उन्हात सगळी तरुण मंडळी काचा खाली करून गाड्या हळूहळू फिरवतात, आणि सगळ्या रस्त्याच्या कानावर आपला माल घालतात.

त्या रविवारी माझी परीक्षा होती. पहिल्या गाण्याला प्लेट खडखडली. दुसऱ्याला फुटपाथवरची पोरं नाचायला लागली. मी काय फुगले होते म्हणून सांगू! सातवं गाणं सुरू झालं आणि सिग्नल लाल झाला. शेजारी एक करड्या रंगाची गाडी येऊन थांबली. आत पोट सुटलेला, गळ्यातला टाय सैल केलेला माणूस तळलेल्या माशाचं सँडविच खात होता. चष्म्याची ओळ आली, आणि त्याचा चालता जबडा थांबला.

"पोरा," त्याने हाक मारली, "जरा मागे घे ते."

टॉलीचा चेहरा उजळला. "आवडलं, सर?"

"चष्म्याचं आहे ना, ते पुन्हा ऐकव."

आणि टॉलीने, मित्रांनो, आवाज आणखी वाढवून ते पुन्हा ऐकवलं. रस्त्यावर कुणी 'पुन्हा' म्हणालं की त्यांच्यात ती शाबासकी असते. तिथल्या कुठल्याही पोराने तेच केलं असतं. मी बिचारी जीव तोडून वाजले. प्लेट खडखडली.

"हे तूच लिहिलंस?"

"शब्द न् शब्द माझाच, सर. दुसऱ्या कुणाचं काही नाही."

"नाव काय तुझं?"

टॉलीने नाव सांगितलं, वर अल्बम कधी येणार तेही सांगितलं. त्या माणसाने सँडविच कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. सिग्नल हिरवा झाला तरी त्याची गाडी लगेच हलली नाही, आम्ही निघालो तशी आमच्या मागे येऊन चिकटली. तो होता डिटेक्टिव्ह हॅमिल, यान्सीबाबांच्या खुनाचा तपास करणारा. छातीवर ठेवलेल्या चष्म्याची गोष्ट पोलिसांनी एकाही वर्तमानपत्राला दिली नव्हती. ती ठाऊक असणार फक्त मारेकऱ्याला. निदान हॅमिलची तशी समजूत होती.

टॉलीला गाडीच्या बॉनेटवर पालथं पाडून बेड्या घातल्या, तेव्हा मी अजून वाजतच होते. कुणीतरी हात घालून मला बाहेर काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड चिकटवून टाकलं.

त्यानंतर मी पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिले. पावसाळी हवा गेली, थंडी आली, पुन्हा उन्हाळा आला. वाजायला जन्मलेल्या जिवाला ती शांतता खायला उठते. खोक्यात यान्सीबाबांच्या दुकानातून उचललेल्या वस्तू होत्या. तो चष्माही होता. आणि माझ्या अंगाला लागून दुसऱ्या पिशवीत एक बाईची चप्पल होती, डाव्या पायाची, टाच झिजलेली. ती कुणाची हे कुणी विचारलं नव्हतं. दुकानात शंभर बायका येतात-जातात, पडली असेल एखादीची, असं म्हणून सोडून दिलं होतं. अटलांटाच्या कंपनीने हात वर केले. अल्बम थांबला. पहिल्या अल्बमचं पोस्टर लावणाऱ्या दुकानांनी ते उतरवलं.

खटला उभा राहिला. टॉलीकडे त्या संध्याकाळचा एकही साक्षीदार नव्हता. डीकन चर्चमध्ये तालमीला गेले होते आणि टॉली मागच्या खोलीत एकटाच गाणं जुळवत बसला होता. बंदूक सापडली नव्हती. कुणी त्याला दुकानात पाहिलं नव्हतं. सरकारी वकिलाकडे होतं काय, तर मी.

मला पिशवीतून काढून टेबलावरच्या एका यंत्रात घातलं. मुठीएवढे त्याचे स्पीकर. ढोल गेला, उरली नुसती खुळखुळ. समोर निकाल देणारी बारा माणसं बसली होती, शहराच्या दुसऱ्या टोकाची. त्यांतल्या एकाचाही पाय हलला नाही. आणि मागच्या बाकांवर आमची सगळी वस्ती बसली होती, हातात चर्चचे पुठ्ठ्याचे पंखे घेऊन, कारण कोर्टातलं थंड हवेचं यंत्र बिघडलं होतं. आमच्याकडे गाणाऱ्याची ओळ कुणी एकटी सोडत नाही. चर्च असो की रस्ता, ओळ पडली की कुणीतरी 'हो रे बाबा', 'सांग, सांग' असं उत्तर देतंच. पण न्यायाधीशबाईंनी आधीच बजावलं होतं, बाकांवरून शब्द आला तर त्या माणसाला बाहेर काढीन. त्यामुळे मी वाजत होते आणि माझी माणसं ओठ मिटून बसली होती. मला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

मिस व्हर्लीन रोज येत. निळी टोपी घालून शेवटून दुसऱ्या बाकावर बसत. त्यांच्या मागच्या बाकावर टायरच्या दुकानात काम करणारा लॉनी क्रम्प बसायचा. तोही रोज यायचा. त्यांच्याच गल्लीतला, दोन घरं सोडून राहणारा. दार उघडून धरायचा, म्हणायचा, "सांभाळून, मिस व्हर्लीन, पायरी आहे." त्या मान हलवून आत येत. त्याच्या पंख्याचा वारा त्यांच्या मानेवर लागायचा, आणि त्या टोपी सावरून बसायच्या. मला वाटायचं, किती भला माणूस!

डीकन साक्षीला उभे राहिले. सरकारी वकिलाने विचारलं, "जे केलंच नाही ते 'मी केलं' असं कोण म्हणतं, मिस्टर गेन्स?"

"मी म्हणतो, सर. दर रविवारी गातो की मी सिंहांच्या गुहेत रात्र काढली. सिंह मी पाहिलाय फक्त मेम्फिसच्या प्राणिसंग्रहालयात, आणि तोही झोपलेला."

बाकांवर हशा उठला. बारा जणांतली एक बाईही हसली. माझ्या जिवात जीव आला.

वकीलही हसला. "छान. ती सिंहांची गोष्ट पवित्र ग्रंथात आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. ह्या चष्म्याची गोष्ट कुठल्या ग्रंथात आहे, डीकन?"

डीकननी टॉलीकडे पाहिलं.

"तुम्ही त्याला विचारलं होतंत ना, कुठून आणलंस म्हणून? काय म्हणाला तो?"

"सुचलं म्हणाला," डीकन कसेबसे म्हणाले. ती बाई पुन्हा हसली नाही.

मधली सुट्टी झाली. मी टेबलावरच होते. टॉलीच्या वकील ओगल्सबीबाई त्याच्याकडे खुर्ची ओढून बसल्या.

"टॉली, ते बारा जण आता तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. ह्याचा अर्थ काय ते मला चांगलं ठाऊक आहे. जन्मभर आत राहशील. कुणी सांगितलं तुला चष्म्याचं?"

"सुचलं, मॅम."

"खोटं सांगायचंच तर जरा बरं तरी सांग!"

टॉली टेबलाकडे बघत म्हणाला, "मी शब्द दिलाय."

"ज्याला दिलास त्याला कळतंय का तू कशात अडकलायस?"

"कळतंय."

"म्हणजे ते माणूस इथे आहे?" ओगल्सबीबाईंनी गर्रकन वळून सगळ्या बाकांवर नजर फिरवली. टॉली समोर भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती, पण मान वळली नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि फासाचा दोर मीच होते. मला वाटलं, माझ्यावर एखादा खोल ओरखडा पडावा, सातवं गाणं अडकावं, यंत्राने मला थुंकून टाकावं. पण माझी वाजणारी बाजू स्वच्छ होती. डीकननी मला फार जपून बनवलं होतं.

शेवटचा दिवस. सरकारी वकील बारा जणांसमोर उभा राहिला. म्हणाला, "मी काही बोलत नाही. आरोपीलाच बोलू द्या. सिग्नलवर तो स्वतः म्हणाला होता, शब्द न् शब्द माझाच, दुसऱ्या कुणाचं काही नाही." आणि त्याने बटण दाबलं.

'चष्मा पडला, काच शाबूत, मीच उचलला वाकून,
घडी घालून छातीवर त्याच्या, निघालो तोंड झाकून.'

त्याने मला तिथेच थांबवलं. पंख्यांची फडफडसुद्धा थांबली.

"हो, देवा," मागून आवाज आला. "तसंच झालं."

न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला. "कोण बोललं?"

मिस व्हर्लीन उभ्या राहिल्या. समोरच्या बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "मी बोलले, मॅम. मला बाहेर काढायचं तर काढा, पण आधी ऐका. त्या पोराला चष्म्याचं ठाऊक आहे, कारण मी सांगितलं. तिथे मी होते. पिठाच्या पोत्यांमागे."

"मिस व्हर्लीन, नको!" टॉली ओरडला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो मागे वळला.

"तू गप्प बस. पुष्कळ बसलायस, आणखी थोडा बस." मग त्या सरकारी वकिलाशेजारी बसलेल्या हॅमिलकडे वळल्या. "तुम्हाला तिथे एक चप्पल सापडली असेल. डाव्या पायाची. मागच्या दाराने अनवाणी पळाले मी. उजवी अजून माझ्या कपाटात आहे. टाकवत नाही."

हॅमिलने कोर्टात आणलेल्या मुद्देमालाच्या खोक्यातून चपलेची पिशवी बाहेर काढली.

"आणि तो कोण होता हे विचारायला तुम्हाला कुठे जायला नको," मिस व्हर्लीन म्हणाल्या. त्या सावकाश मागे वळल्या, मागच्या बाकाकडे. लॉनी क्रम्पच्या हातातला पंखा अजून वर धरलेलाच होता. "लॉनी, बाळा, तू लहान असल्यापासून तुला मी मासे तळून घातलेत. ऊठ आता."

लॉनी उठला, पण दाराकडे जायला. दारात दोन शिपाई उभे होते. पुढचा सगळा गोंधळ मला नीट दिसला नाही, कारण कुणाच्यातरी धक्क्याने यंत्राचं बटण दाबलं गेलं आणि मी आपली मधूनच वाजायला लागले. ह्या वेळी मात्र मागच्या बाकांवरून उत्तर आलं. न्यायाधीशबाई हातोडा आपटत होत्या आणि अख्खी वस्ती 'सांग, सांग' म्हणून रडत होती.

टॉली सुटला. लॉनीने कबुली दिली. मलाही पिशवीतून सोडवून टॉलीच्या हातात दिलं. पण मित्रांनो, खरं बोलण्याची किंमत खरं बोलणाऱ्यालाच मोजावी लागते. लॉनीचे भाऊ त्याच गल्लीत राहत होते. मिस व्हर्लीनच्या खिडकीची काच एकदा फुटली, पुन्हा फुटली. शेवटी त्यांनी डेट्रॉइटला बहिणीकडे जायचं ठरवलं. घर, ओसरी, गायनातली पहिली रांग, सगळं मागे ठेवून.

बसच्या थांब्यापर्यंत टॉलीने त्यांना आपल्या शेव्हरोलेतून नेलं. मागच्या सीटवर डीकन, त्यांच्या मांडीवर पेकन-पाय या गोड पदार्थाचा डबा. मी यंत्रात होते, पण मला वाजवायचं धाडस कुणाला होत नव्हतं.

मिस व्हर्लीन म्हणाल्या, "लाव ते. कोर्टातल्या त्या डबड्यावर काही कळलंच नाही मला."

टॉलीने लावलं. पूर्ण ढोलासकट त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. गाणं संपेपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या.

"गाणं चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण आता ते वाजवू नकोस. मला दे. ते माझं आहे."

"हो, मॅम."

"मी फार उशीर केला रे, टॉली. रोज ठरवून यायचे की आज उठायचं, आणि रोज बसून राहायचे. मला वाटायचं, एकदा तरी हा मागे वळून माझ्याकडे बघेल. तू बघितलं असतंस तर मी त्याच क्षणी उठले असते. का नाही बघितलंस?"

टॉली रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. "मी बघितलं असतं, तर सगळ्यांनीच तुमच्याकडे बघितलं असतं, मॅम."

मिस व्हर्लीननी मांडीवरच्या पर्समधून रुमाल काढला आणि थांबा येईपर्यंत तोंडावर धरून ठेवला. डीकनही खिडकीबाहेर बघत नाक पुसत होते.

पुढे अल्बम निघाला, बारा गाण्यांचा. खूप खपला. पहिल्यापेक्षा बरा, असं लोक म्हणाले, आणि दुसऱ्या लेकराला आणखी काय हवं असतं? पण ते कौतुक माझ्या पाठच्या भावंडांच्या वाट्याला गेलं. सातवं गाणं असलेली मी एकटीच, डेट्रॉइटमधल्या एका खोलीत, कपाटाच्या खणात. इथे मला वाजवायचं यंत्रही नाही. कधीतरी मिस व्हर्लीन मला काढतात, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसतात आणि परत ठेवतात. आता त्या फार थकल्या आहेत. टॉलीचा दर रविवारी फोन येतो.

मित्रांनो, माझ्या जातीला उन्हात ठेवू नका, बोटांचे ठसे उमटवू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. तुमच्यासाठी कुणी गप्प बसलं असेल, तर त्याला फार दिवस तसं बसू देऊ नका.